पंधरा तासांचं अंतर

१

गुरुवारी सकाळी विठाबाईने तिच्याकडच्या किल्लीने गर्गेंच्या बंगल्याचं दार उघडलं, तेव्हा बाल्कनीतला दिवा अजून जळतच होता आणि उपेंद्र गर्गे वेताच्या खुर्चीत मान टाकून बसलेले होते. डोळा लागला असेल असं वाटून तिने दोन हाका मारल्या. मग पायाला हात लावला आणि तिथंच मटकन खाली बसली.

स्वयंपाकघरात रात्रीचं ताट झाकलेलं होतं, जसंच्या तसं. ओट्यावर इन्सुलिनचं पेन पडलं होतं आणि त्याला वापरलेली सुई तशीच लावलेली होती.

म्हणजे सुई दिली, जेवण दिलं नाही, साखर पार खाली गेली आणि म्हातारा माणूस रात्रीतून संपला. एवढं समजायला पोलिसात असावं लागत नाही. आणि त्या घरात रोज सुई देणारी बाई एकच होती.

शनिवारी दुपारी हे लचांड सावळीराम बोरस्त्यांच्या गळ्यात आलं. सावळीराम पोलीस निरीक्षक म्हणून निवृत्त झाले त्याला आता बरीच वर्षं झाली. मूळचे निफाडकडचे, भावाच्या द्राक्षबागा तिकडे, आणि हे इकडे नाशकात गंगापूर रोडला गर्गेंपासून तिसऱ्या घरात एकटे. बायको गेली, मुलगी टोरांटोला, गुडघे कामातून गेलेले. आता कुणाचं खरं आणि कुणाचं खोटं याच्याशी आपला संबंध संपला, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. पण मनाशी ठरवलेलं लोकांना कळतं थोडंच!

गर्गेंची मुलगी यशश्री पुण्याहून आली होती. डोळे सुजलेले, आवाज बसलेला.

“काका, तुम्ही त्या बाईला बोलतं करा. तिने सुई दिली, जेवायला न घालता घरी पळाली, आणि आता म्हणते सुई दिलीच नाही. धडधडीत खोटं बोलतेय ती.”

“पोलीस आहेत ना गं,” सावळीराम म्हणाले.

“त्यांनीच तुमचं नाव सांगितलं.”

सांगणारच. उपनिरीक्षक बुद्धभूषण पगारे पूर्वी त्यांच्या हाताखाली शिकलेला पोरगा. त्याचा सकाळीच फोन येऊन गेला होता. “सर, सोमवारी मला गुन्हा नोंदवावाच लागेल. हलगर्जीपणाने मृत्यू. त्या बाईला आत टाकायला माझं मन घेत नाही, पण दुसरं नाव तर द्या कुणी!”

सावळीरामांनी चपला पायात सरकवल्या. यशश्रीसाठी नव्हे, पगाऱ्यासाठीही नव्हे. गर्गे त्यांचे संध्याकाळचे सोबती होते. जॉगिंग ट्रॅकवर दोघंही जॉगिंग सोडून सगळं करायचे. बाकावर बसायचं, मोबाईल काढायचा आणि ती साईट उघडायची. त्या साईटवर दोन विमानतळांची नावं टाकली की मधलं अंतर येतं आणि खाली विमानाला लागणारा वेळ येतो. गर्गे टाकायचे नाशिकजवळचं ओझर आणि सिएटल, कारण त्यांचा आल्हाद सिएटलला. सावळीराम टाकायचे ओझर आणि टोरांटो.

“माझं बारा हजार तीनशे किलोमीटर,” गर्गे म्हणायचे.

“माझं बारा हजार चारशे.”

“म्हणजे शंभर किलोमीटरने मी जवळ. भेळ तुमच्याकडे, बोरस्ते.”

हे रोज. अंतर काय रोज बदलतं होय? पण दोघंही रोज बघायचे. आणि मोबाईल खिशात टाकताना गर्गे एक वाक्य हमखास म्हणायचे, “पंधरा तास. मनात आणलं तर पंधरा तासांत येईल पोरगं.”

बुधवारी गर्गे बाकावर आले नव्हते. संकष्टी होती, उपासाने गळून घरीच थांबले असतील असं सावळीरामांना वाटलं होतं. फोन करायचाही त्यांनी कंटाळा केला होता, आणि ते आता आतून खात होतं.

२

विठाबाई बंगल्याच्या मागे, धुणं धुवायच्या दगडावर बसली होती. कुठं जायचं नाही असं यशश्रीने बजावलं होतं, म्हणून ती रोज सकाळी येऊन तिथं बसायची आणि अंधार पडला की आपल्या भाड्याच्या खोलीवर जायची. पन्नाशीची, सडपातळ, सुरगाण्याच्या पुढच्या एका पाड्यावरची बाई. तीन वर्षं गर्गेंचं सगळं तीच बघत होती.

सावळीराम समोरच्या पायरीवर टेकले. गुडघ्यातून कळ आली तशी आई गं म्हणाले.

“विठाबाई, मला फक्त काय झालं ते सांगा. मी काही लिहून घेत नाही.”

“साहेब, मी सुई नाय दिली,” ती म्हणाली. हे ती इतक्या वेळा बोलली होती की आता त्यात जोर राहिला नव्हता. “चतुर्थीला चंद्र निघाल्याबिगर मी कधीच सुई देत नाय. सुई दिली की लगेच ताट. डाक्टरनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं. आन् मी सुई दिली असती तर ती पेनाला तशीच ठेवली असती का? मी काढून डब्यात टाकते, रोज.”

“मग बुधवारी थांबलात का नाही?”

“साहेबांनीच घालवलं. म्हणले, विठाबाई, आज तू लवकर जा. घरचं माणूस येतंय, रात्रीचं तेच बघंल.”

सावळीरामांनी मान वर केली. “कोण घरचं माणूस?”

“नाव नाय सांगितलं. नुसते हसत व्हते. सकाळी दाढी केलेली, तरी दुपारी परत केली. लय खुशीत व्हते, साहेब. तीन वर्षांत तसे नाय पाहिले मी.”

“हे पोलिसांना सांगितलंत?”

“सांगितलं की. ते म्हणले नाव सांग. नाव मला कुठं ठावं?” तिने पदराने तोंड पुसलं. “ताईंना सांगितलं, तर त्या म्हणल्या आमच्या घरचं माणूस आम्हीच, आम्ही तर इथं नव्हतो. खोटं बोलू नको.”

“आणखी काही आठवतं? बारीकसारीक?”

ती विचार करत राहिली. मग म्हणाली, “कांदा चिरायला लावला.”

“कांदा?”

“बारीक. चिवड्यावर घालायला. मी म्हणलं, साहेब, आज चतुर्थी हाय, कांदा काय करता? तर म्हणले, मला नाय गं, तू चीर.”

चतुर्थीला गर्गेंच्या स्वयंपाकघरात कांदा म्हणजे फारच झालं. ज्याच्यासाठी हा माणूस सोवळ्यातला हट्ट सोडतो, तो पाहुणा साधा नव्हे.

“साहेब,” विठाबाई म्हणाली, “मला आत टाकतील तर टाकू देत. पण पाड्यावरच्या सात बाया माझ्या शब्दावर या नाशकात म्हाताऱ्यांच्या घरी कामाला लागल्या. लोकांनी माझ्याकडं बघून त्यांना घरात घेतलं. कालपासून दोघींना काढलं. म्हणतात, तुमच्या विठाबाईनं मालक मारला.”

तिला रडू फुटलं. सावळीरामांनी आयुष्यात बरेच खोटे रडणारे पाहिले होते आणि ते ओळखायची त्यांना सवय होती. हे रडणं त्यातलं नव्हतं, एवढं त्यांना तेव्हाच कळून चुकलं. पण त्यांना कळून काय उपयोग? पगाऱ्याला नाव पाहिजे होतं.

३

घरचं माणूस म्हणावं असे तिघं होते. यशश्री, गर्गेंचा भाचा मयूर आणि आल्हाद. आल्हाद तर गुरुवारी सकाळी यशश्रीने फोन केला तेव्हा सिएटलला होता. तिकडून निघाला तो शुक्रवारी सकाळी दारात टॅक्सीतून उतरला, आणि दुपारी अमरधाममध्ये त्याने अग्नी दिला. किती पटकन आला गं बाई, असं सगळेच म्हणत होते.

उरला मयूर. मयूर जागांच्या व्यवहारात होता. मामाचा बंगला पाडून तिथं पाच मजली इमारत करायचं त्याच्या डोक्यात केव्हापासून होतं, आणि मामा दाद देत नव्हते. सावळीरामांनी त्याला फाटकापाशीच गाठलं.

“बुधवारी आला होतास का रे मामांकडे?”

“काका, माझ्यावर संशय?” मयूर भडकलाच. “मी चतुर्थीला इकडे फिरकतसुद्धा नाही. मागे एकदा चुकून संकष्टीला बंगल्याचा विषय काढला, तर मामांनी मला पाणीसुद्धा विचारलं नाही. चंद्र उगवेपर्यंत माझं डोकं खाऊ नकोस म्हणाले. तेव्हापासून मी आधी कॅलेंडर बघतो, मग यांच्याकडे येतो. आणि सुई म्हणाल तर मला स्वतःला टोचून घ्यायचं म्हटलं तरी घेरी येते. विचारा कुणालाही.”

विचारायची गरज नव्हती. लसीच्या रांगेत मयूर आडवा झाला होता, ते साऱ्या गल्लीने पाहिलं होतं.

यशश्रीला त्यांनी शेवटी विचारलं. बुधवारी ती कुठं होती?

“पुण्यात, काका. दर संकष्टीला मी बाबांना फोन करते, चंद्र दिसला का म्हणून. माझाही उपास असतो. आम्ही दोघं फोनवरच एकमेकांना ‘आता जेव’ म्हणतो. साडेनऊला केला. उचलला नाही. मला वाटलं, जेवायला बसले असतील. मी जेवून घेतलं, काका. मी जेवले आणि ते तिथं...”

सावळीरामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. दुसरं काय करणार?

“गर्गे स्वतः सुई घ्यायचे का गं?”

“छे! मोतीबिंदू होता. पेनावरचा बारीक आकडाच दिसायचा नाही त्यांना. त्याचीच तर भीती वाटायची, कुणीतरी पाहिजेच.”

“त्यांचा फोन बघू. बुधवारी कुणाचा आला होता?”

“दादाचाच एक, दुपारी दीडचा. बाकी कुणाचा नाही. तो करतोच ना रोज.”

मग सगळे दिवाणखान्यात बसले. भेटायला आलेल्या बायका भिंतीला टेकून होत्या, आणि आल्हाद कोपऱ्यात, दाढी वाढलेली, नजर समोरच्या भिंतीवर. चाळिशीचा माणूस, पण दोन दिवसांत साठीचा दिसायला लागला होता. लांबच्या एका आत्याने त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

“किती वेळ लागला रे बाळा यायला?”

“पंधरा तास,” आल्हाद भिंतीकडे बघतच म्हणाला.

“अगं बाई! एवढ्या लांबून पंधरा तासांतच?”

“हो. पंधरा तास.”

सावळीरामांना काहीतरी टोचलं. काय ते त्यांना तेव्हा कळलं नाही. चहाचा कप ठेवून ते उठले आणि गुडघ्यांना शिव्या देत घराकडे निघाले. चालता चालता ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मनात घोळवत होते. विठाबाईला चतुर्थी माहीत होती. मयूरला माहीत होती, यशश्रीला माहीत होती. गर्गेंना तर होतीच. आणि ज्याने चंद्र उगवायच्या आधी, नेहमीच्या जेवणाच्या वेळेला सुई टोचली, त्याला तेवढीच एक गोष्ट माहीत नव्हती. त्या घरात कॅलेंडर बघून न वावरणारं माणूस होतं तरी कोण?

४

संध्याकाळी सवयीने ते जॉगिंग ट्रॅकवर गेले. बाकावर एकटे बसले आणि सवयीनेच मोबाईल काढला. टोरांटो टाकायचं सोडून त्यांच्या बोटांनी सिएटल टाकलं. आता ते बघणारं दुसरं कुणी राहिलं नव्हतं ना.

पडद्यावर पृथ्वी आली. ओझरपासून सिएटलपर्यंत, पार उत्तर ध्रुवाच्या अंगाने, एक वाकडी रेघ गेली होती. बारा हजार तीनशे किलोमीटर. विमानाला लागणारा वेळ, पंधरा तास.

सावळीराम त्या आकड्याकडे बघत राहिले, आणि दुपारी काय टोचलं होतं ते त्यांना समजलं.

त्या साईटला विमान असतं की नसतं याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. दोन ठिपके घ्यायचे, मधे दोरा ताणायचा आणि विमानाच्या वेगाने भागाकार करायचा. ओझरहून सिएटलला थेट विमान आहेच कुठे? मुंबईहूनही नाही. मधे कुठेतरी उतरायचं, तास न् तास बसायचं, दुसरं विमान धरायचं, मग मुंबई, मग कसाऱ्याचा घाट. त्यांची कीर्ती गेल्या वर्षी आली तेव्हा तिच्या दारातून यांच्या दारात यायला दीड दिवस लागला होता. आल्या आल्या ती पंधरा तास वगैरे काही म्हणाली नव्हती. परक्या विमानतळावर बाकावर झोपावं लागलं, शेजारचं पोर रात्रभर रडलं, बॅग आलीच नाही, हे सगळं ती दोन दिवस सांगत होती.

खरोखर येणारा माणूस पंधरा तास म्हणत नाही. पंधरा तास म्हणतो तो वाट बघणारा. या बाकावर बसून, रोज संध्याकाळी.

आल्हादच्या तोंडात बापाचा आकडा होता. स्वतःचा नव्हताच त्याच्याकडे.

आणि तो दुपारी दीडचा फोन! सावळीरामांनी कपाळावर हात मारला. आल्हादचा फोन रात्री आठला यायचा, तिकडची सकाळ. तो आला की गर्गे ट्रॅकवरून लगबगीने उठायचे. दुपारी दीड म्हणजे सिएटलला मध्यरात्र उलटून गेलेली. मध्यरात्री उठून कोण बापाला फोन करतं? जो मध्यरात्रीच्या देशात नसतो, तो.

मग तो होता तरी कुठे?

त्यांना खूप थकवा आला. पूर्वी असं काही सापडलं की अंगात वारं भरायचं. आज वाटलं, नसतं सापडलं तर बरं झालं असतं. गर्गेंचा एकुलता एक पोरगा. पण मागच्या दगडावर ती बाई बसली होती, आणि सोमवार परवावर आला होता.

५

रविवारी सकाळी आल्हाद बाल्कनीत उभा होता. वेताच्या खुर्चीत बसायला त्याचं धाडस होत नव्हतं. सावळीरामांनी दुसरी खुर्ची ओढून घेतली. यशश्री दोघांना चहा देऊन आत गेली.

“वाटेत विमान कुठे बदललंस रे?”

“दुबईला,” आल्हाद म्हणाला. जरा थांबून.

“बराच वेळ थांबावं लागलं असेल.”

“हो. म्हणजे... नाही, फारसं नाही.”

सावळीरामांनी चहाचा घोट घेतला. पूर्वी ते अशा वेळी टेबलावर हात आपटायचे. आता तेवढं त्राण नव्हतं आणि तेवढी इच्छाही नव्हती.

“आल्हाद, चिवडा कसा होता?”

“काय?”

“बुधवारचा. कांदा बारीक चिरलेला होता ना? गर्गेंनी विठाबाईकडून मुद्दाम चिरून घेतला होता. चतुर्थी असून.”

आल्हादने कप कठड्यावर ठेवला आणि तो हळूहळू खाली, फरशीवरच बसला. मग एकदम बोलायला लागला तो थांबेचना.

“मी बंगळूरला होतो, काका. कंपनीच्या कामाला, आठवडाभर. कुणाला सांगितलं नव्हतं. यशश्रीला कळलं असतं तर म्हणाली असती, आठवडाभर देशात होतास आणि बाबांना एक संध्याकाळ दिलीस? आणि खरंच होतं ते. बुधवारी काम लवकर संपलं. बाबांना फोन केला, येतोय, पण यशश्रीला बोलू नका. बंगळूरहून ओझरला दोन तास लागले. दोन तास! बाबा रोज पंधरा तास पंधरा तास म्हणायचे, आणि मी दोन तासांवर बसलो होतो.”

“मग?”

“रात्री मुंबईहून परतीचं विमान होतं. गाडी बाहेर उभी होती. बाबांनी विचारलं, किती दिवस आहेस? मी म्हणालो, आठला निघायचंय. काही बोलले नाहीत. मला इतकी लाज वाटली, काका. मी म्हटलं, आज सुई मी देतो. रोज विठाबाई करतात ते एकदा तरी मी करतो. आकडा मला माहीत होता, फोनवर रोज विचारायचो. त्यांनी बाही वर केली आणि हात पुढे केला. मी म्हटलं, आता लगेच जेवून घ्या हं. म्हणाले, जेवतो रे, तू नीघ, घाटात ट्रॅफिक लागेल.” त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. “संकष्टी आहे असं बोललेच नाहीत हो! एक शब्द बोलले असते तर...”

का बोलले नाहीत ते सावळीरामांना विचारायची गरज नव्हती. पोराने किती वर्षांनी स्वतःच्या हाताने काहीतरी करायला घेतलं होतं. त्याला ‘थांब, आधी चंद्र उगवू दे’ म्हणायचं कुणाच्या जिवावर येणार नाही? चंद्राला दीड तास होता आणि गाडी दारात उभी होती. तेवढा दीड तास काढू कसाबसा, असं त्यांनी मनात म्हटलं असणार. जन्मभर पाळलेला उपास. म्हणून पूर्वेच्या बाल्कनीत दिवा लावून खुर्चीत येऊन बसले. चंद्राची वाट बघत, नेहमीसारखी.

“घाटात अडकलो, विमान चुकलं, मुंबईत हॉटेल घेतलं. सकाळी यशश्रीचा फोन आला,” आल्हाद म्हणाला. “म्हणाली, संकष्टी होती, त्या बाईने चंद्राच्या आधीच सुई दिली आणि पळाली. तेव्हा मला कळलं, काका. त्याच क्षणी सांगायला हवं होतं. ती म्हणाली, दादा, नीघ, आणि मी म्हणालो, निघतो. बस. एवढंच. मग हॉटेलात बसून हिशेब करत राहिलो, कधी पोचलो तर खरं वाटेल. बाबा तिकडे बर्फात, आणि मी हिशेब करतोय! शेवटी नाही बसवलं, निघून आलो. कुणी विचारलं की तोंडातून पंधरा तासच यायचे. दुसरं काही सुचायचंच नाही.”

दारात यशश्री उभी होती. कधीची ते कुणालाच कळलं नाही. ती चौकट धरून उभी राहिली.

“आल्हाद,” सावळीराम म्हणाले, “बुधवारी जे झालं तो गुन्हा नव्हे रे. तुझ्या जागी मी असतो तरी सुई दिली असती, आणि तुझ्या बापाच्या जागी असतो तरी हात पुढे केला असता. पण गुरुवारपासूनचं तुझं आहे. मागच्या दगडावर ती बाई चार दिवस बसलीय. तिला माहीत नाही तिने काय केलं, आणि तुला माहीत होतं.”

“काका, माझी नोकरी, व्हिसा, सगळं...”

“असेल. पगारे ठरवेल, कोर्ट ठरवेल. मी तुझा पासपोर्ट मागत नाही. त्यावर काय शिक्के आहेत ते तुला ठाऊक आहे आणि उद्या पगाऱ्यालाही कळतील. फक्त तू आधी जातोस की तो आधी येतो, एवढंच उरलंय.”

आल्हाद बसून राहिला. खाली मागच्या अंगणात नळ सोडल्याचा आवाज आला. विठाबाई कुणी न सांगता दगड धूत होती. तो आवाज ऐकता ऐकता आल्हाद उठला, आणि चपला न घालताच जिना उतरून गेला.

वरून सावळीरामांना त्यांचं बोलणं ऐकू आलं नाही. एवढं दिसलं, की आल्हाद तिच्यासमोर ओल्या फरशीवर वाकला आणि विठाबाई दोन पावलं मागे सरकली.

६

सोमवारी गुन्हा नोंदला गेला नाही, निदान विठाबाईवर तरी नाही. आल्हादने ठाण्यात सगळा जबाब दिला, पासपोर्ट पगाऱ्याच्या टेबलावर ठेवला. डॉक्टरांचं मत येईल, चौकशी चालेल, तोवर तो नाशिक सोडून जाणार नव्हता. बापाने बोलावलं तेव्हा चार दिवस राहायला जमलं नाही, आणि आता किती महिने राहावं लागेल याचा पत्ता नव्हता.

काढून टाकलेल्या दोन बायकांच्या मालकांना पगाऱ्याने स्वतः फोन केले. एकीला परत बोलावलं. दुसऱ्या घरचे म्हणाले, बघू.

संध्याकाळी सावळीराम विठाबाईला पेठ नाक्यावर सोडायला गेले. यशश्रीने तिचे हात धरून माफी मागितली होती आणि दिवसकार्य होईपर्यंत थांबा म्हणाली होती. विठाबाई थांबली नव्हती.

“त्या पोराला माफ केलं का, असं सगळे विचारत्यात,” ती जीपजवळ गाठोडं ठेवत म्हणाली. “मी काय सांगू, साहेब? तो रडत व्हता, ते खरं रडणं व्हतं. पण चार दिवस मला वाटत व्हतं, की मीच दिली असंल सुई. मलाच आठवत नसंल. लोक एवढं म्हणत्यात तर मीच दिली असंल. ते माझे चार दिवस कोण भरून देणार?”

सावळीरामांना तिच्यासमोर मनापासून लाज वाटली, जणू तेही त्या घरातलेच होते.

“परत येणार ना कामाला?”

“येईन. पोटाला पाहिजेच. पण सुईचं काम नको आता.”

जीप अजून भरायची होती. ड्रायव्हर टपावर सामान बांधत होता. सावळीरामांनी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, “पाड्यावर पोचायला किती वेळ लागतो?”

“जीप भरली की तीन तास. पण भरायला किती, त्याचं काय खरं नाय.” ती पहिल्यांदाच जराशी हसली. “घरी ठावं असतं. आली की आली म्हणायचं. माझी आय वाट नाय बघत, चुलीवर भाकर तेवढी झाकून ठेवते.”

जीप गेली. सावळीराम घरी आले, दिवा लावला आणि खुर्चीत बसून राहिले. ट्रॅकवर जावंसं वाटलं नाही. मोबाईल वाजला. कीर्ती.

“बाबा, गर्गेकाकांचं कळलं. मला आधी का नाही सांगितलंत?”

“काय सांगणार लांबून? कीर्ती, मला एक खरं सांग. मला काही झालं तर तुला यायला किती वेळ लागेल?”

“असं काय विचारता?”

“सांग तर.”

“विमानाचा दीड दिवस, बाबा. पण सुट्टी, तिकीट, मुलांची सोय... चार दिवस धरा. पाचही लागतील.”

“बरं,” सावळीराम म्हणाले. “पाच दिवस. बरं झालं सांगितलंस.”

पंधरा तासांपेक्षा पाच दिवस पुष्कळच लांब होते. पण खरे होते, आणि त्यांना आश्चर्य वाटलं की त्याने जिवाला थोडं बरंच वाटलं.

“बाबा, आवाज असा काय येतोय तुमचा? जेवलात ना?”

रोज ते या प्रश्नाला ‘हो’ म्हणायचे. जेवलेले असोत नसोत, हो म्हणायचे आणि विषय बदलायचे.

“नाही गं,” सावळीराम म्हणाले. “दोन दिवस नीटसं काही खाल्लंच नाही.”